पाऱ्याच्या चार रेघा

बस त्या खोक्यावर. हात खिशात ठेव.
एन्शूचा कोरडा वारा सुटलाय आज.
शटर अर्धं खाली ओढ, नाहीतर पारा थरथरेल
आणि बोल तुझ्या गाडीला लागेल.

या चार काचनळ्या, चार कार्ब्युरेटरांना जोडलेल्या.
इंजिन जितका श्वास ओढतं तितका पारा चढतो.
तिसरा बघ. मागे राहिलाय.
घाई नको. मीही ब्याऐंशीव्या वर्षी मागेच असतो.

एक, दोन, चार, तीन.
शाळेत असं मोजलं असतं तर छडी मिळाली असती,
पण ही याच क्रमानं पेटते.
कडेचे दोघे वर, तेव्हा मधले दोघे खाली.
चौघांचं एक घर, म्हणून भांडण बाहेर ऐकू येत नाही.

मी सात वर्षांचा होतो.
हमामात्सुत तेव्हा नजर अडेल असं काही उभं नव्हतं.
लष्कराच्या वायरलेसला वीज पुरवणारी
छोटी इंजिनं गोदामात उरली होती,
ती लोकांनी सायकलींना बसवली.
आमच्या सायकलीला टाकी म्हणून
थंडीत पाय शेकायची पत्र्याची बाटली.
पेट्रोल कुठलं! पाइनची मुळं उकळून काढलेलं तेल.
आई तेनर्यू ओलांडून तांदूळ आणायची, चोरून,
आणि पुलावरच्या शिपायाला
ती दिसायच्या आधी वासानं कळायची.
सोडायचा बिचारा. त्यालाही घर असणार.
घरी भाताला टर्पेंटाइनचा वास यायचा.
आम्ही वाडगे चाटून ठेवायचो.

तिथून ही साडेसातशेची
तेवीस वर्षांवर.

बाजारात लोक तुला सांगतील, पहिल्या गाड्यांची केस वाळूत ओतलेली.
नव्हती रे. साचा धातूचाच होता, फक्त साधा,
म्हणून अंग असं खरखरीत.
एवढी मोठी गाडी खपेल की नाही
याची वरच्यांनाच खात्री नव्हती,
मग महागडे साचे कोण करतो?
आता त्याच खरखरीचे पैसे मोजतोस तू,
आणि वर विचारतोस, पॉलिश करू का.
हात लावू नकोस.

पुढच्या चाकाला तबकडीचा ब्रेक. केवढा गाजावाजा!
पावसात पहिल्या दाबाला तो पकडायचाच नाही,
हे छापील पत्रकात नव्हतं.
आणि साखळी.

इथे बोट फिरव, पुढच्या दात्याच्या मागे.
लागली जोडरेघ?
इथे साखळी तुटून केसमध्ये घुसली होती.
एवढी ताकद आम्ही तिच्या हाती दिली,
आणि तिला विचारलंच नाही, झेपेल का.
तुझी गाडी ओहायोहून परत आलीय म्हणालास.
तिथल्या कुणीतरी ही रेघ ओढली.
ॲल्युमिनियम सांधणं म्हणजे
वितळतं लोणी सुरीवर पेलणं, पण बघ, एक फोड नाही.
हात चांगला होता त्याचा. किंवा तिचा.
चूक आमची, टाके परक्याचे.
एक पत्र लिहायला हवं होतं.
पत्ता नव्हता, हे खरं,
पण पत्ता मी शोधलाही नाही.

फुजिए पियानोच्या कारखान्यात तारा जुळवायची.
मी रात्र रात्र या चौघांना एका रेघेत आणायचो,
आणि ती म्हणायची, पंचम किंचित खोटा ठेवावा लागतो,
तेव्हा कुठे सगळं वाद्य खरं बोलतं.
मला तेव्हा पटलं नाही.
भांडलोसुद्धा. सूप निवलं.

दे तो स्क्रू-ड्रायव्हर. नाही, लांब दांड्याचा.
एक टोक इंजिनावर, दुसरं इथे, कानामागच्या हाडावर.
उजवा कान गेला, हाड अजून ऐकतं.

पाव फेरा.
अजून थोडा.
थांब.

तिसरा अजून केसभर खाली आहे, दिसतंय मला.
राहू दे.

बिल त्या डब्यात टाक.
आणि साखळी दर महिन्याला बघत जा,
तेवढं मात्र ऐक.